रोन नदीतील राख : ख्रिस्ती श्रद्धेतील पुनरुत्थानाचा अर्थ

१.
इ.स. १७७. रोमन साम्राज्यातील गॉलचे प्रमुख नगर लुगदुनुम, म्हणजेच आजच्या फ्रान्समधील ल्यों. छळ करून आणि हिंस्र श्वापदांपुढे टाकून मारलेल्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांचे देह तेथे सहा दिवस उघड्यावर पडून होते. भोवती सैनिकांचा पहारा होता. त्यानंतर ते देह जाळण्यात आले आणि उरलेली राख जवळून वाहणाऱ्या रोन नदीत लोटून देण्यात आली. भूमीवर त्यांचा कणही उरू नये, याची काळजी घेतली गेली.

२.
मेलेल्यांवर पहारा कशासाठी? याचे उत्तर एका पत्रात आहे. मागे राहिलेल्या समाजाने आशिया आणि फ्रुगिया या प्रांतांतील बांधवांना घडलेली हकिगत लिहून पाठवली. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने त्या पत्राचा मोठा भाग आपल्या ग्रंथात जपून ठेवला. दफनासाठी देह मिळावेत म्हणून केलेली सारी धडपड वाया गेल्याचे त्यात नोंदले आहे : रात्रीचा अंधार उपयोगी पडला नाही, पैसा चालला नाही, विनवण्या ऐकल्या गेल्या नाहीत. मारणाऱ्यांचा विचार असा होता की, हे लोक मेल्यावर पुन्हा उठण्याच्या आशेने मरणाला निर्भयपणे सामोरे जातात. तेव्हा ती आशाच मुळापासून उपटावी. राखेतून कोण उठते, ते पाहूच.

३.
पुनरुत्थानाविषयी या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती आणि एक पूर्णपणे चुकीची समजली होती. ही श्रद्धा देहाविषयी आहे, हे त्यांनी बरोबर जाणले. देहाचे अवशेष नष्ट केले की श्रद्धाही संपेल, हा मात्र त्यांचा भ्रम होता. या दोन गोष्टींच्या मधोमध पुनरुत्थानाचा खरा अर्थ आहे. तो समजून घेण्यासाठी ल्योंच्या सुमारे साडेतीनशे वर्षे मागे, यरुशलेमपर्यंत जावे लागते. त्याआधी शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे.

४.
पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव जुने शरीर टाकून नवे धारण करतो. शरीर बदलत जाते आणि अखेर त्या चक्रातून सुटका हेच ध्येय असते. पुनरुत्थान एकदाच घडते, त्याच व्यक्तीचे आणि तिच्याच देहासह. ते केवळ आत्म्याचे अमरत्वही नव्हे, कारण अमर आत्म्याला मरणानंतर देहाची गरज उरत नाही. आणि मृत मनुष्य पुन्हा जिवंत होणे एवढाच त्याचा अर्थ नाही. शुभवर्तमानातील लाजर कबरेतून बाहेर आला, परंतु तो पूर्वीच्याच मर्त्य आयुष्यात परतला. पुनरुत्थित देहाला मात्र पुन्हा मरण नाही, अशी ही श्रद्धा आहे.

५.
हा भेद मराठी मुलखाच्या दारातही एकदा उभा राहिला होता. इंग्लंडमधून निघालेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र, मरण आणि पुनरुत्थान येते. ज्या श्रोत्यांच्या परंपरेत मरणोत्तर प्रवास पुनर्जन्माच्या भाषेत रेखाटलेला होता, त्यांना ही अगदी वेगळ्या घडणीची कल्पना पुराणाच्या ओळखीच्या रूपात सांगितली गेली. त्या कल्पनेचे मूळ मात्र यहुदी इतिहासात होते.

६.
प्राचीन हिब्रू धर्मग्रंथांच्या बहुतांश भागात मरणोत्तर जीवनाला फारसे स्थान नाही. मेलेले सारेच, राजा असो वा रंक, अधोलोकात जातात. तेथे छायेसारखे अस्तित्व आहे. न्याय नाही, आनंद नाही. ईश्वराशी निष्ठा राखणाऱ्याचे फळ याच आयुष्यात मिळते : दीर्घायुष्य, संतती, धान्य, शांती. यहेज्केल या संदेष्ट्याने कोरड्या हाडांचे खोरे जिवंत होताना पाहिले, असे वर्णन आहे. पण ती हाडे म्हणजे बाबिलोनमध्ये बंदिवासात गेलेले राष्ट्र. एकेका मृत व्यक्तीच्या उठण्याविषयी ते मुळात बोलत नव्हते.

७.
हा हिशेब इ.स.पू. १६७ च्या सुमारास कोलमडला. सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. शब्बाथ पाळणे, मुलांची सुंता करणे हे मृत्युदंडाचे गुन्हे ठरले आणि यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करण्यात आले. आता एक असह्य प्रश्न उभा राहिला. नियम मोडणारे वाचत होते आणि पाळणारे तरुणपणी मारले जात होते. निष्ठेचे फळ याच आयुष्यात मिळते, तर निष्ठेपायीच ज्यांचे आयुष्य हिरावले गेले त्यांचे काय? त्याच काळात सिद्ध झालेल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात याचे उत्तर येते : धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील.

८.
मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील एक कथा हे उत्तर आणखी धीटपणे मांडते. सात भाऊ आणि त्यांची आई यांना राजापुढे आणले जाते. डुकराचे मांस खाण्यास नकार दिल्यामुळे एकेका भावाला अवयव तोडून ठार मारतात. तिसरा भाऊ स्वतःहून जीभ आणि हात पुढे करतो. हे अवयव मला स्वर्गातून मिळाले आणि तेथूनच ते परत मिळतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. कथेचा तपशील ऐतिहासिक असो वा नसो, तिचा तर्क स्पष्ट आहे. अत्याचार देहावर झाला, म्हणून न्यायही देहालाच मिळाला पाहिजे. आत्मा सुखात आहे, असे सांगून तोडलेल्या हातांची भरपाई होत नाही.

९.
म्हणजे पुनरुत्थानाची ही भाषा छळाच्या खाईत घडली. मरणाची भीती घालवणारे सांत्वन, ही तिची दुय्यम बाजू होती. ती मुख्यतः न्यायाची मागणी होती. पहिल्या शतकापर्यंत यहुदी समाजात या प्रश्नावर उघड तट पडले होते. परूशी पुनरुत्थान मानत. मंदिराच्या पुरोहितवर्गाशी जवळीक असलेले सदूकी ते नाकारत. इतिहासकार जोसेफस आणि नव्या करारातील लेखन, दोन्ही या वादाची साक्ष देतात. पुनरुत्थान मानणाऱ्यांचीही अपेक्षा एवढीच होती की, जगाच्या अखेरीस सर्व मृत एकाच वेळी उठतील. इतिहास चालू असताना मध्येच एखादा उठेल, असे कोणी म्हणत नव्हते.

१०.
या पार्श्वभूमीवर नासरेथचा येशू क्रुसावर मारला गेला. सम्राट तिबेरियसच्या काळात, यहुदियाचा अधिकारी पंतय पिलात याच्या आदेशाने, बहुधा इ.स. ३० किंवा ३३ मध्ये. क्रूस ही मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली शिक्षा होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे ६ हजार बंदींना कापुआ ते रोम या हमरस्त्यावर क्रुसावर चढवले गेले. मारणे एवढाच त्या शिक्षेचा हेतू नव्हता. हा देह आमच्या मालकीचा आहे, याची जाहीर घोषणा त्यात होती. म्हणून शव बरेचदा तसेच टांगलेले ठेवत. गिधाडे आणि कुत्री उरलेले काम करीत.

११.
यहुदियात मात्र निदान काहींना दफन मिळत असे. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेकडील एका थडग्यात दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यावर येहोहानान हे नाव कोरलेले होते आणि आतल्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. क्रुसावर मारलेल्या माणसाचा तो दुर्मीळ भौतिक पुरावा आहे. कोणीतरी तो देह मागून घेतला होता, गुहेत ठेवला होता आणि मांस झडल्यावर अस्थी प्रेमाने वेचून पेटीत ठेवल्या होत्या. साम्राज्याने कचरा ठरवलेल्या देहाला घरच्यांनी पुन्हा माणूस ठरवले होते.

१२.
उठलेल्या येशूच्या दर्शनांची सर्वांत जुनी सविस्तर लिखित साक्ष शुभवर्तमानांमध्ये नाही. ती पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. पत्राचा काळ साधारण इ.स. ५३ ते ५५. तेथे पौल स्वतःला मिळालेली परंपरा पुढे देतो : ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, तो पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून अधिक जणांना, याकोबाला आणि शेवटी खुद्द पौलाला. त्या पाचशेंपैकी बहुतेक अद्याप हयात आहेत, असेही तो नमूद करतो. ही सूत्रबद्ध नामावली पत्राहून जुनी, येशूच्या मृत्यूनंतरच्या आरंभीच्या वर्षांतली आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

१३.
पौलाने वापरलेली उपमा शेतीची आहे. येशू हे हंगामाचे प्रथमफळ. बाकीचे पीक मागून येणार. सर्वांसाठी शेवटी ठेवलेली गोष्ट एकाच्या बाबतीत आधीच घडली, हा त्या दाव्याचा नवेपणा होता. दुसरी उपमा बियाण्याची. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला सारखे नसतात, तरी रोप त्या दाण्याचेच असते. पुनरुत्थित देह आणि मर्त्य देह यांचे नाते पौलाच्या मते असे आहे. तो देह म्हणजे हाडामांसाची केवळ डागडुजी नव्हे आणि निव्वळ छायाही नव्हे.

१४.
शुभवर्तमाने त्यानंतरची. सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचे. चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत ते रिकाम्या कबरेपासून भयाने पळून जाणाऱ्या स्त्रियांवर थांबते. चारही शुभवर्तमानांत कबरेपाशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रिया, आणि मरीया मग्दालीया सर्वत्र आहे. स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नसलेल्या समाजात ही मांडणी लक्षणीय ठरते. लूकच्या वृत्तांतात उठलेला येशू शिष्यांसमोर मासा खातो. योहानाच्या वृत्तांतात तो थोमाला आपल्या जखमा दाखवतो. नव्या देहावरही खिळ्यांचे व्रण शिल्लक आहेत.

१५.
हे व्रण पुनरुत्थानाच्या अर्थाची किल्ली आहेत. कबरेत नेमके काय घडले, याचा निवाडा इतिहासशास्त्राच्या साधनांनी होत नाही. श्रद्धावंत आणि संशयवादी आपापली उत्तरे त्या साधनांच्या पलीकडून आणतात. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने त्यातून काय अर्थ घेतला, हे मात्र इतिहास स्पष्ट सांगू शकतो. साम्राज्याच्या न्यायासनाने एका माणसाला गुन्हेगार ठरवून मारले होते. ईश्वराने त्याला उठवून तो निकाल फिरवला, असे ते मानत होते. आणि निकाल फिरवताना जखमा पुसल्या नव्हत्या. अत्याचार घडलाच नाही, असे ही श्रद्धा म्हणत नाही. अत्याचाराला अखेरचा शब्द मिळत नाही, असे ती म्हणते.

१६.
ग्रीक-रोमन जगातील सुशिक्षितांना ही गोष्ट ओशाळवाणी वाटली. प्लेटोच्या परंपरेत देह हा आत्म्याचा तुरुंग. सुटल्यावर पुन्हा तुरुंगात कोण जाईल? अथेन्समध्ये पौलाने पुनरुत्थानाचे नाव काढताच काही जण हसले, अशी नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ल्योंच्या घटनेच्याच सुमारास सेल्सस नावाच्या विचारवंताने ख्रिस्ती मतावर टीका करणारा ग्रंथ लिहिला. कुजलेल्या देहाची आस धरणे किड्यांना शोभते, अशी त्याने खिल्ली उडवली. मूळ ग्रंथ नष्ट झाला. पुढे ओरिगेनने दिलेल्या प्रत्युत्तरात त्याचे मोठे उतारे टिकून आहेत.

१७.
ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांमध्येही पुष्कळांना सोपी वाट हवी होती. पुनरुत्थान म्हणजे आत्म्याची जागृती, ज्ञानाचा उदय. देहाचा त्याच्याशी संबंध नाही, असे ज्ञानमार्गी पंथ सांगत. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या हस्तलिखितांत या विषयावरचा एक छोटा प्रबंधही आहे. प्रतिष्ठित जगाला पटेल अशी ही भूमिका होती. तिच्याविरुद्ध सर्वांत ठाम उभा राहिलेला लेखक ईरेनेयस. तो ल्योंचाच. छळाच्या काळात तेथील बंदिवानांचे पत्र घेऊन तो रोमला गेला होता. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर तुरुंगात मरण पावला, तेव्हा त्याच्या जागी ईरेनेयस आला.

१८.
इ.स. १८० च्या सुमारास त्याने पाखंडी मतांचे खंडन करणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला युक्तिवाद साधा आहे. ज्याने पहिल्यांदा मातीतून देह घडवला, त्याला तो पुन्हा घडवणे अवघड कसे? भाकर आणि द्राक्षारस यांच्या संस्काराने जो देह पोसला गेला, तो अनंत जीवनाला अपात्र कसा? हे शब्द ग्रंथालयातल्या निवांत वादासाठी लिहिलेले नव्हते. ज्यांची राख रोन नदीत गेली, ती माणसे ईरेनेयसच्या ओळखीची होती. देह क्षुल्लक आहे असे मान्य करणे म्हणजे त्यांच्यावर जे केले गेले तेही क्षुल्लक ठरवणे होय.

१९.
त्यांच्यातली सर्वांत लक्षात राहणारी व्यक्ती म्हणजे ब्लांदिना. ती गुलाम होती. रोमन कायद्यात गुलामाचा देह मालकाच्या संपत्तीत मोडत असे आणि त्याची साक्ष छळ करून घेणे रीतसर होते. दुबळ्या शरीराची ही मुलगी टिकणार नाही, अशी सोबत्यांना धास्ती होती. पत्र सांगते की सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने छळणारेच थकले. तिला खांबाला टांगले, तेव्हा सोबत्यांना तिच्या रूपात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला. अखेर जाळ्यात बांधून तिला बैलापुढे टाकले गेले. बिशपच्या शेजारी एका गुलाम मुलीला सर्वोच्च सन्मान देणारे पत्र त्या काळातील साहित्यात विरळाच. ज्या देहाला कायद्याने किंमत नव्हती, त्याला या श्रद्धेने अनंतकाळाची किंमत दिली.

२०.
मग राखेचे काय? ख्रिस्ती लेखकांनी हळूहळू उत्तर स्पष्ट केले. मिनूसियस फेलिक्स लिहितो की दफन ही जुनी, चांगली रीत म्हणून पाळायची. दहनाने काही बिघडेल या भीतीने नव्हे. पाचव्या शतकात ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात दुष्काळात मनुष्याने खाल्लेल्या मनुष्याच्या मांसाचे काय होणार, असले विचित्र प्रश्नही गंभीरपणे हाताळले. हुतात्म्यांच्या जखमांचे व्रण नव्या देहावर राहतील, पण कुरूपता म्हणून नव्हे, सन्मानचिन्हे म्हणून, असे त्याला वाटले. पुढे दफनाचा आग्रह वाढला; कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी उठवली ती १९६३ मध्ये, आणि तीही पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन निवडलेले नसावे या अटीवर.

२१.
या श्रद्धेने भाषेवर आणि भिंतींवरही खुणा सोडल्या. ग्रीक ख्रिस्ती लोक दफनभूमीला निजण्याची जागा म्हणू लागले. युरोपातील अनेक भाषांत दफनभूमीसाठी तोच शब्द रुळला. रोमच्या भुयारी दफनस्थळांतील आरंभीच्या चित्रांत क्रुसावरचा येशू जवळजवळ दिसत नाही. दिसतात ते माशाच्या पोटातून बाहेर येणारा योना आणि कबरेतून उठणारा लाजर. मृतांच्या सान्निध्यात रंगवायची गोष्ट त्यांच्या दृष्टीने ही होती.

२२.
इतिहासाने पुढे एक क्रूर वळण घेतले. चौथ्या शतकात साम्राज्यच ख्रिस्ती झाले. इ.स. ३३५ मध्ये यरुशलेममध्ये येशूच्या कबरेच्या स्थानी सम्राट कॉन्स्टंटाईनने बांधवलेल्या भव्य वास्तूचे समर्पण झाले. पण १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे चर्चच्या परिषदेने धर्मसुधारक यान हुस याला पाखंडी ठरवले. त्याला जिवंत जाळून त्याची राख ऱ्हाईन नदीत टाकण्यात आली. इंग्लंडचा जॉन विक्लिफ १३८४ मध्येच वारला होता; १४२८ मध्ये त्याची हाडे उकरून, जाळून नदीत सोडली गेली. अनुयायांना पूजण्यास काही उरू नये, हा हेतू होता. ज्यांची श्रद्धा नदीतल्या राखेने संपली नव्हती, त्यांच्याच वारसांनी इतरांची राख नदीत टाकली.

२३.
म्हणून पुनरुत्थानाचा इतिहास केवळ मरणोत्तर जीवनाच्या कल्पनेचा इतिहास नाही. मारणारा आणि मारला गेलेला यांपैकी अखेरचा शब्द कोणाचा, या प्रश्नाचा तो इतिहास आहे. अँटिओकसच्या काळातील सात भावांची कथा, येहोहानानची अस्थिपेटी, खिळ्यांचे व्रण आणि ब्लांदिना या साऱ्यांतून तोच प्रश्न पुढे येत राहतो. श्रद्धा असो वा नसो, प्रश्न टळत नाही.

२४.
ल्योंमध्ये क्रूआ-रूस टेकडीच्या उतारावर त्या अँफिथिएटरचे अवशेष आजही पाहता येतात. राख वाहून गेली त्याला अठरा शतके उलटली. शिक्षा फर्मावणाऱ्या प्रांताधिकाऱ्याचे नाव त्या पत्रात कोठेही नाही. एका गुलाम मुलीचे नाव मात्र आहे.